द्राक्षासवाच्या गावी

संपादकांचे फर्मान आले, "यंदाच्या दिवाळी अंकासाठी परदेशातल्या एखाद्या दिवसावर लिहा. जरा खमंग होऊ द्या." मी सौ.ला विचारले, "कुठल्या दिवसावर लिहू?" ती नारळीभातासाठी नारळ खवीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पिंपांच्या दिवसावर लिहा. पण खरं काय ते लिहा. नेहमीसारखं गमतीत उडवून लावू नका."

तेव्हा वाचकहो, खरे तेच सांगतो. या सदरातून मी तुम्हाला आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. आमचा गळका नळ, गच्चीवरचे पापड, गावच्या आमराईची वाटणी, यातले काही म्हणून लपवले नाही. एक गोष्ट मात्र आजवर सांगितली नव्हती. आमच्या घरात 'दारू' हा शब्द उच्चारीत नाहीत. दिवाळीच्या शोभेच्या दारूलासुद्धा आम्ही 'फटाके' म्हणतो.

याचे कारण माझा थोरला भाऊ, अण्णा. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. गिरगावातल्या आमच्या चाळीत त्याच्यासारखा देखणा आणि हुशार मुलगा नव्हता. बॅलार्ड पियरला एका कचेरीत तो कारकून म्हणून लागला. मुंबईत तेव्हा १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. पण बंदी असलेली वस्तू गल्लीच्या तोंडाशी मिळते, हा मुंबईचा जुना अनुभव आहे. अण्णाला ती मिळाली. आधी शनिवारी, मग रोज. पुढे नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले, आईच्या पाटल्या गेल्या. १९७९ साली, सदतिसाव्या वर्षी, अण्णाही गेला. तेराव्या दिवशी आईने मला देवासमोर उभे केले आणि म्हणाली, "शपथ घे. थेंबाला शिवणार नाहीस." मी शपथ घेतली आणि ती पाळली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. अण्णाचा फोटो ट्रंकेत तळाशी घातला आणि त्याचे नाव काढणे बंद केले.

पण देवाचा हिशेब निराळा असतो. आमचे चिरंजीव जन्माला आले, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत आलेली पहिली आत्या म्हणाली, "अगं बाई, हा तर अगदी अण्णा!" तेच कुरळे केस, हसताना तशीच वर जाणारी डावी भुवई. लोक कौतुकाने बोलत आणि माझ्या पोटात गोळा उठे. मुलगा मोठा झाला, इंजिनियर झाला, नोकरीसाठी पोर्तुगालात पोर्तो शहरी गेला. गेल्या वर्षी त्याला सदतिसावे लागले. त्याच वर्षी भाद्रपदात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो.

पहिल्याच संध्याकाळी त्याच्या काचेच्या कपाटात मला लांब देठाचे चार पेले दिसले. सौ.नेही ते पाहिले. मग आम्ही दोघांनी काहीच पाहिले नाही असे केले. संसारात ही कला फार उपयोगी पडते. पण त्या रात्री तिच्याने मला झोप आली नाही.

दोन दिवसांनी चिरंजीव म्हणाले, "बाबा, उद्या द्राक्षांची तोडणी बघायला जायचं? गाडीनं अडीच तास." द्राक्षे म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचे? वाइन हा शब्द त्याने काढला नाही आणि मी विचारला नाही. सौ. म्हणाली, "पितृपंधरवडा चालू आहे, हो." मी म्हटले, "द्राक्षं बघायला पितरांची हरकत नसावी." सूनबाईंना रजा नव्हती. सकाळी आम्ही तिघे निघालो.

पोर्तोचे सांव बेंतु हे स्टेशन पाहूनच आमची सकाळ सार्थकी लागली. तिकिटघराच्या दालनात भिंतभर निळ्यापांढऱ्या फरशा आहेत, सुमारे वीस हजार. त्यांवर जॉर्ज कुलासु या चित्रकाराने पोर्तुगालचा इतिहास रंगवला आहे. घोडे, भाले, १४१५ सालची सेउता शहरावरची स्वारी, सगळे निळ्या रंगात. सौ. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "यात आपल्या चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली ते चित्र कुठं दिसत नाही!" मी म्हटले, "आपल्या स्टेशनावर लावू."

गाडीत चिरंजीवांनी आम्हाला उजव्या हाताला बसवले. तासाभरानंतर त्याचे कारण कळले. त्या बाजूला दोरु नदी आली आणि पुढे सगळी वाट तिने आमची सोबत केली. काही ठिकाणी रूळ पाण्याला इतके लागून जातात, की होडीत बसल्याचा भास व्हावा. दोन्ही तीरांना डोंगर, आणि त्या डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या. आपल्या कोकणात डोंगरउतारावर दगडी बांध घालून भाताची खाचरे करतात ना, तसेच. पण इथे पायऱ्यांवर द्राक्षांच्या वेली. जमीन म्हणावी तर पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक. तो माणसांनी पहारीने फोडला, त्याच्याच चिपांचे बांध घातले आणि वेली लावल्या. दिवसभर तो दगड ऊन पितो आणि वेलींची मुळे पाण्याच्या शोधात त्याच्या भेगांतून खोल खोल जातात. शेकडो वर्षांच्या या कष्टांची कदर म्हणून युनेस्कोने २००१ साली हे खोरे जागतिक वारसा ठरवले.

पिन्यांव नावाच्या चिमुकल्या स्टेशनावर उतरलो. तिथेही भिंतीवर १९३७ सालच्या फरशांची चित्रे: डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, बैलगाड्या, पिंपे लादलेल्या होड्या. स्टेशनापासून जवळच्या एका मळ्यात चिरंजीवांनी आधीच कळवून ठेवले होते. मळ्याला तिथे 'किंता' म्हणतात. आम्हाला माहिती सांगायला पंचविशीची एक मुलगी आली. तिचे इंग्रजी आमच्याइतकेच मोडके असल्यामुळे संभाषण उत्तम झाले.

वेलींतून हिंडताना तिने एक गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून एक सूक्ष्म कीड युरोपात आली, फिलॉक्सेरा नावाची. ती मुळांना लागे आणि मळेच्या मळे वाळून जात. १८६० नंतरच्या काळात तिने हे खोरेही उजाड केले. कितीतरी बांध तेव्हा ओस पडले ते पडलेच. पलीकडच्या डोंगरावर झाडोऱ्यात बुडालेले तसले बांध तिने आम्हाला दाखवले. उपाय सापडला तोही अमेरिकेचाच. तिथल्या रानटी द्राक्षाच्या मुळांना या किडीचे फारसे काही वाटत नाही. तेव्हा बुंधा अमेरिकेचा आणि वर कलम आपले. आजही इथे बहुतेक वेल असे कलमीच आहेत. "जिथून दुखणं आलं, तिथूनच औषध," असे काहीसे ती म्हणाली. ते वाक्य दुपारी मला पुन्हा आठवायचे होते.

मग तिने आम्हाला दगडी हौदाशी नेले. हौद कमरेपेक्षा कमी उंचीचा, पण चांगला ऐसपैस. त्याला 'लागार' म्हणतात. त्यात तोडलेली काळी द्राक्षे ओतलेली, आणि आत आठदहा माणसे मांड्यांपर्यंत बुडून, खांद्यांवर हात टाकून, ओळीने पावले टाकताहेत. एकजण 'डावा-उजवा' पुकारतो. पहिले दोन तास अशी कवायत. मग 'स्वातंत्र्य' जाहीर होते, बाजाची पेटी वाजू लागते आणि जो तो मोकळा नाचतो. यंत्रे आली आहेत, बहुतेक ठिकाणी काम यंत्रेच करतात. पण माणसाच्या पावलाने फळ चिरडते आणि कडू बी फुटत नाही, म्हणून काही मळ्यांत अजून ही पद्धत ठेवली आहे. सौ.ला हे सारे फार आवडले. तिने फक्त एवढेच विचारले, "पाय धुतात ना?" मुलगी हसली आणि म्हणाली, "आधीही आणि नंतरही."

पोर्ट वाइनची खरी युक्ती पुढे आहे. रस आंबू लागला, की त्यातली साखर हळूहळू मद्यार्कात बदलते. सगळी साखर संपू दिली तर साधी कोरडी वाइन होते. पण इथे दोनतीन दिवसांनी, निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांचेच कडक मद्य ओततात, सत्त्याहत्तर टक्क्यांचे. साधारण चार भाग रसाला एक भाग. त्याने आंबवणारे यीस्ट मरते आणि गोडवा आहे तिथे थांबतो. म्हणून पोर्ट गोडही असते आणि साध्या वाइनपेक्षा बरीच कडकही. एकोणीस ते बावीस टक्के.

या धंद्यात लबाडीही जुनी. १७५६ साली मार्क्विस द पोंबाल या प्रधानाने खोऱ्याची हद्द आखली आणि दगडी खांब रोवून सांगितले, की या हद्दीतल्याच द्राक्षांची वाइन परदेशी जाईल. जगातल्या अगदी जुन्या अशा हद्दींपैकी ही एक. शिवाय एल्डर नावाच्या झाडाची काळी फळे रंगासाठी वाइनमध्ये मिसळीत, म्हणून ती झाडेच उपटायचा हुकूम सुटला. सौ. म्हणाली, "आपल्या दूधवाल्याच्या घरचा नळ कापावा, तसंच झालं."

आणि एक कहाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६१ सालच्या मे महिन्यात या नदीत एक होडी उलटली. होडीत जोसेफ फॉरेस्टर नावाचा इंग्रज बॅरन होता. साऱ्या नदीचा नकाशा काढणारा हाच, आणि 'वाइनमध्ये वरून कडक मद्य ओतू नका' म्हणून जन्मभर भांडणाराही हाच. बरोबर दोना अंतोनिया फरैरा ही बाई होती. तेहतिसाव्या वर्षी विधवा झालेली, पुढे हिमतीने मळ्यांमागून मळे उभे करणारी, आजही सारे खोरे जिचे नाव आदराने घेते अशी. बॅरन बुडाला, बाई वाचली. लोक सांगतात, की त्याच्या कमरेला नाण्यांचा जड पट्टा होता आणि हिच्या घेरदार झग्यात हवा भरून ती तरंगली. सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा! नऊवारीला नावं ठेवता ना?"

एवढे ऐकेपर्यंत दोन वाजले. पोटात कावळे ओरडू लागले. मुलीने आम्हाला गावातल्या एका खानावळीत पाठवले. मालकीणबाई साठीच्या, पदराला हात पुसत याव्यात तशा एप्रनला हात पुसत आल्या. चिरंजीव पोर्तुगीजमध्ये बोलायला तोंड उघडणार, तोच सौ. पुढे झाली. तिला एवढेच सांगायचे होते, की मांसमच्छी नको. तिने बोटाने नकार दाखवला आणि मग एकेक शब्द मोठ्याने उच्चारला, "बटाटा? कोबी? पाव?"

बाईंचा चेहरा उजळला. "बताता! कोव! पांव!" आणि त्या आत धावल्या. मला हसू आवरेना. चारशे वर्षांपूर्वी यांच्या गलबतांतून जे शब्द आपल्या किनाऱ्याला लागले, ते आज सौ.ने व्याजासकट परत केले होते. चावी, साबण, पगार, लिलाव, घमेले, अननस, पपई, काजू, आपल्या लाडक्या हापूसचे नावसुद्धा यांच्या आफोन्सुवरून आलेले. गोव्यात यांचे राज्य १९६१ साली गेले. शब्द मात्र मुक्काम सोडायला तयार नाहीत, आणि आपल्यालाही ते परके वाटत नाहीत.

जेवण आले. 'काल्दु व्हेर्द' म्हणजे हिरवे सार. बटाटा शिजवून घोटलेला, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवीगार कोबीची पाने, वरून ऑलिव्ह तेलाची धार. एरवी त्यावर डुकराच्या सॉसेजची चकती तरंगते. आमच्या बाईंनी आमच्यासाठी चकतीवाचूनचे केले होते. सोबत 'ब्रोआ', मक्याच्या पिठाचा जाड कवचाचा पाव. तो मोडून सारात बुडवला आणि मला गावच्या चुलीवरची भाकरी आठवली. बरोबर ऑलिव्ह, चीज आणि त्या भागातले बदाम. शेवटी 'अरोझ दोस' आला, म्हणजे तांदळाची दाट खीर, लिंबाच्या सालीचा वास आणि वर चिमटीने दालचिनीची नक्षी घातलेली. वेलदोड्याऐवजी दालचिनी, एवढाच काय तो फरक. पितृपंधरवड्यात परमुलुखी अचानक खीर पानात पडली, तेव्हा सौ. क्षणभर गप्प झाली आणि तिने एक घास पानाबाहेर काढून ठेवला. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

जेवून पुन्हा मळ्यात आलो ते थेट तळघरात. अंधार, गारवा, आणि दोन्ही बाजूंना लाकडी पिंपांच्या रांगा. मुलगी एकावर हात ठेवून म्हणाली, "पीपा. साडेपाचशे लिटर."

"पिंप!" आम्ही नवराबायको एकदमच ओरडलो. हाही शब्द यांचाच! आमच्या चाळीत पाणी भरून ठेवायचे ते पिंप मूळचे इथले, आणि मूळचे वाइनचे.

पूर्वी ही पिंपे 'राबेलु' नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली पोर्तोसमोरच्या गायाच्या वखारींत जात. नदी तेव्हा खळाळती आणि जिवावर बेतणारी. पुढे धरणे झाली, पाणी संथ झाले. पिंपांचा माल ट्रकने जाऊ लागला आणि होड्या शोभेपुरत्या उरल्या. लाकडाच्या बारीक छिद्रांतून दरवर्षी थोडी वाइन उडून जाते, शेकडा दोन भागांच्या आसपास. तिला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. जसजशी वर्षे जातात तसतसा तांबडा रंग उतरत मधासारखा होतो. दहा वर्षे, वीस वर्षे, चाळीस वर्षेसुद्धा ठेवतात. सौ. हळूच म्हणाली, "देवदूतांचा वाटा काय, काकग्रासच की हा."

आणि मग तो प्रसंग आला. टेबलावर नऊ पेले मांडले गेले, प्रत्येकासमोर तीन. शेजारी एक उंच भांडे. मी विचारले, "हे कशाला?" मुलगी म्हणाली, "जाणकार लोक चव घेतात आणि यात थुंकतात." पिकदाणी! आमच्या आजोबांची पितळी होती. तिची सोय आहे म्हटल्यावर मला थोडा धीर आला. पण चिरंजीवांचा चेहरा मात्र उतरला होता. तो पेल्याकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना.

मुलीने पेला तिरका करून दाखवला. काचेवरून थेंबांचे ओघळ सावकाश खाली येत होते. "आमच्याकडे यांना अश्रू म्हणतात," ती म्हणाली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली.

मी पेला उचलला, नाकाशी नेला. शपथ पिण्याची होती, वासाची नव्हती. मनुका, अक्रोड, काकवी, जुने लाकूड. आणि एकदम आमच्या चाळीतले कपाट डोळ्यांसमोर आले. वरच्या फळीवर आईची औषधे. इतक्यात शेजारून सौ.चा आवाज आला, "अहो, हे तर द्राक्षासव!" तिने तेवढ्यात एक घोट घेतलाही होता. शपथ माझी होती, तिची थोडीच?

खरेच ते द्राक्षासव होते! दहाव्या वर्षी मला टायफॉइड झाला. उठल्यावर वैद्यबुवांनी सांगितले, जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. आई आपल्या हाताने पाजी. चिरंजीव घाबरत घाबरत म्हणाले, "बाबा, त्यातही अल्कोहोल असतं. द्राक्षांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवतातच. बाटलीवर छापलेलं असतं." म्हणजे ज्या आईने मला शपथ घातली, तिनेच सोळा वर्षे आधी चमच्याने तो वाटा दिला होता. मी हसू लागलो. सौ. हसू लागली. चिरंजीवही हसले, डावी भुवई वर करून.

ती भुवई पाहिली आणि माझे हसू थांबले. मी विचारले, "तू घेतोस?"

सदतीस वर्षांच्या माणसाचा दहा वर्षांचा मुलगा झाला. पण त्याने खोटे सांगितले नाही. "घेतो बाबा. शनिवारी मित्रांबरोबर, एकदोन पेले."

"कधीपासून?"

"इथं आल्यापासून."

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि आपल्या घरात हा शब्दच काढायचा नसतो."

मी गप्प झालो. मग तो आपण होऊन बोलू लागला. "खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात जास्त झाली होती, बाबा. एकटा होतो. चार वाजल्यापासून पाऊस आणि अंधार. रोज संध्याकाळी बाटली उघडायचो. एका रात्री आईचा फोन आला. माझा आवाज तिनं ओळखला. रागावली नाही. अण्णाकाकांची सगळी गोष्ट सांगितली, तासभर. त्या रात्री मी उरलेली बाटली मोरीत ओतली. त्यानंतर एकट्यानं कधी घेतली नाही. घेणारही नाही."

मी सौ.कडे पाहिले. ती पेल्याच्या देठाकडे बघत होती. म्हणजे जी गोष्ट मी मुलाचे रक्षण व्हावे म्हणून ट्रंकेत दडवून ठेवली होती, तिनेच, माझ्या अपरोक्ष, त्याचे रक्षण केले होते. जिथून दुखणे आले, तिथूनच औषध. वेलींमधली ती मुलगी काही खोटे बोलली नव्हती.

बऱ्याच वेळाने चिरंजीव म्हणाले, "बाबा, आईनं त्यांचं शेवटचं सांगितलं. तिला तेवढंच माहीत. आधी कसे होते अण्णाकाका?"

वाचकहो, चाळीस वर्षांहून अधिक काळ मला कोणी हे विचारले नव्हते. मी सांगू लागलो. अण्णा मला खांद्यावर बसवून चौपाटीला गणपती बघायला नेई. पहिल्या पगारात त्याने आईला लुगडे घेतले आणि मला बॅट. टायफॉइडमध्ये रात्री उशाशी बसून तो मला गोष्टी सांगे. द्राक्षासव संपले, की भर पावसात पळत जाऊन नवी बाटली आणी. हे सारे माझ्यात होते आणि मी शेवटच्या सहा वर्षांखाली ते पुरून टाकले होते. मी रागावलो होतो त्याच्यावर; इतकी वर्षे रागावलेलाच होतो. आता त्या तळघरात, यांच्या देवदूतांच्या आणि आमच्या पितरांच्या साक्षीने, राग बराचसा उडून गेला.

मी वाइन प्यालो नाही. आईची शपथ मोडण्याइतके वय अजून झालेले नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले आहे, की मद्याची निर्धोक अशी मात्राच नाही. ते वाचून आईला बरे वाटले असते. पण मी चिरंजीवांना म्हटले, "तुझा पेला तू घे. माझ्यासमोर घे." त्याने अर्धा घेतला, उरलेला पिकदाणीत ओतला. आपला मुलगा किती घेतो आणि कुठे थांबतो, हे मला डोळ्यांनी बघायला मिळाले. त्याच्या कपाटातले चार पेले त्या रात्री मला मुळीच टोचले नाहीत.

निघताना सौ.ने माझ्या न प्यालेल्या पेल्यातला एक थेंब बोटावर घेतला आणि दाराबाहेर मातीवर सोडला. "अण्णाभावोजींना," म्हणाली.

घरी परतल्यावर मी ट्रंक उघडली. अण्णाचा फोटो पिवळा पडला होता, त्या जुन्या पोर्टसारखाच मधाच्या रंगाचा. चौकट करून बाहेरच्या खोलीत, आईच्या शेजारी लावला. आता दर रविवारी चिरंजीवांचा फोन येतो आणि ते म्हणतात, "बाबा, अण्णाकाकांची एक सांगा." माझा साठा अजून संपलेला नाही.

यंदा दिवाळीला ती दोघे येणार आहेत. फराळाच्या यादीत सौ.ने चकल्या, कडबोळी आणि दालचिनी घातलेली तांदळाची खीर लिहिली आहे. शोभेची दारू आणायला मीच जाणार आहे. हो, दारूच म्हणालो मी.